खुंटा: डॉलरला बांधलेलं नाणं घरच्या घरी करून बघताना ठेवलेल्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

मागे बँक नाही, कंपनी नाही, तिजोरीत डॉलर राखून बसलेलं कुणी नाही, आणि तरी एखाद्या क्रिप्टो नाण्याचा भाव एक डॉलरच्या आसपास राहतो. हे वाचून मला तीन वर्षांत नीट कळलं नाही. म्हणून आता करून बघायचं ठरवलं. नाण्याचं नाव 'खुंटा'. गाय फिरली तरी दाव्याच्या लांबीएवढीच फिरावी, एवढीच अपेक्षा.

माणसं तीन. मी कॉन्ट्रॅक्ट (नाण्याचे नियम आपोआप पाळणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम) लिहिणार, मावसभाऊ बॉट (ठरलेली कामं आपोआप करणारा प्रोग्रॅम) लिहिणार आणि बाबा फुकटचे सल्लागार. बाबांनी सव्वीस वर्षं एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर काढली आहेत. ब्लॉकचेन म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही.

सगळं काम इथेरियमच्या सेपोलिया या टेस्टनेटवर, म्हणजे पैसा खोटा. कुणी माझं बघून खऱ्या पैशांनी करायला जाऊ नये. आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर आहे, विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

पहिला खर्च मात्र खरा झाला. खोटं ईथर (इथेरियमचं नाणं) वाटणारे बरेच फॉसेट, म्हणजे वेबसाइट, तुमच्या वॉलेटमध्ये ०.००१ तरी खरं ईथर आहे का ते बघतात. एवढंसं ईथर एक्स्चेंजवरून बाहेर काढता येत नव्हतं, किमान मर्यादा आडवी आली. शेवटी ०.०१ घेतलं. साधारण तीन हजार रुपये गेले आणि केवायसीत दीड दिवस गेला. या दीड दिवसात कोडची एक ओळही झाली नाही.

१२ जानेवारी, रविवार

मावसभावाचा हट्ट होता की तारणबिरण नको, आधी जोडनाण्याची युक्ती करून बघू. एक खुंटा जाळला की एक डॉलर किमतीचं जोडनाणं नवीन छापून मिळतं, आणि उलटही करता येतं. जोडनाण्याचं नाव त्याने 'पेंड' ठेवलं. टेराचं डॉलरला बांधलेलं यूएसटी आणि त्याचं जोडनाणं लूना याच पद्धतीवर चाललं होतं. कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या आधी मी पायथनमध्ये आकडे फिरवून बघितले, आणि तेवढ्यावरच भागलं.

मांडणी अशी: बाजारात १० लाख खुंटा. १ लाख पेंड, भाव २० डॉलर. कागदावर पेंडीची एकूण किंमत २० लाख डॉलर, म्हणजे खुंट्याच्या दुप्पट. बघायला भक्कम. पण पेंड विकायची जागा एकच, एक पूल (नाणी अदलाबदल करायचा सामायिक गल्ला), त्यात ५,००० पेंड आणि १ लाख डॉलर.

आता १० टक्के लोक बाहेर पडले. १ लाख खुंटा जळाले, ५,००० नवी पेंड छापली गेली आणि ती पुलात विकली. भाव २० वरून ५ वर. पुढच्या १० टक्क्यांसाठी २०,००० पेंड छापावी लागली. भाव ५५ सेंट. तिसऱ्या १० टक्क्यांना १ लाख ८० हजार पेंड लागली. भाव एका सेंटच्या जरासा वर. चौथ्यांदा ८८ लाख पेंड छापा असा आकडा आला. सत्तर टक्के लोक अजून जागेवरून हललेही नव्हते.

मावसभाऊ म्हणाला, "ताई, पूल मोठा कर." केला, दहापट केला. पडायला जास्त वेळ लागला, पडलं तरीही. मे २०२२ मध्ये हेच झालं. लूनाची संख्या सुमारे ३५ कोटींवरून काही दिवसांत साडेसहा लाख कोटींवर गेली. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, आयर्न फायनान्सचं टायटन नाणं अर्धवट तारण असूनही असंच शून्याला टेकलं होतं. तारणाच्या जागी स्वतःच छापलेली वस्तू ठेवली, तर ज्या दिवशी तिची गरज पडते नेमक्या त्याच दिवशी तिला किंमत नसते.

दोन शनिवार-रविवार गेले. पेंड फाईल पुसली नाही, मावसभावाला अधूनमधून दाखवायला ठेवली आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीला घरी गेले होते. बाबांना विचारलं, तुम्ही शंभर रुपयांच्या सोन्यावर किती द्यायचात? "पंच्याहत्तरच्या वर कधी नाही. आणि सराफ म्हणेल त्याच्यातनंही घट धरायची." बाबा विट्याकडचे. तिकडे गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, धंद्यात भारतभर पसरलेली माणसं आहेत, त्यामुळे सोन्याची घट हा विषय निघाला की जेवण लांबतं.

मग त्यांनी न विचारता एक गोष्ट सांगितली, ती मी त्या दिवशी नीट ऐकली नाही. "कर्ज देणं सोपं गं. लिलाव अवघड. सोनं पडलेलं असलं की सराफ लिलावाला येतच नाहीत. आले तरी बाहेर चहाच्या गाड्यावर आपसात ठरवून येतात."

मला तेव्हा फक्त पंच्याहत्तर टक्के ऐकू आलं. मेकरडाओ या प्रकल्पाचं डाय हे नाणं ईथर तारण ठेवून कर्ज म्हणून काढतात, आणि त्यात हेच गणित १५० टक्क्यांचं होतं: शंभर डायच्या कर्जाला दीडशे डॉलरचं ईथर तारण. लिक्विटी या तशाच प्रकल्पाने एप्रिल २०२१ मध्ये ते ११० टक्क्यांवर आणलं. खुंटाही तसाच, ईथर तारण ठेवून काढायचा; मी त्याला ११० धरलं. का, तर फॉसेटमधून दिवसाला ०.०५ ईथर मिळतं आणि तेवढ्यात जास्तीत जास्त खुंटा काढायचे होते. कारण चांगलं नव्हतं, हे आत्ताच लिहून ठेवते.

१८ जानेवारी, शनिवार

कॉन्ट्रॅक्ट चालू केलं, पण एकही कर्ज निघेना. कितीही ईथर टाका, 'तारण अपुरं'. चार तास गेले. चेनलिंक या भाव पुरवणाऱ्या सेवेचा ईथर-डॉलर भाव आठ दशांश स्थळांत येतो आणि माझं बाकी सगळं गणित अठरा स्थळांत होतं. सॉलिडिटीत (कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेत) अपूर्णांक नसतात, सगळे पूर्णांकच. त्यामुळे माझ्या कॉन्ट्रॅक्टला ईथरचा भाव खऱ्याच्या एक हजार कोटीव्या भागाएवढा दिसत होता. त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की चूक कंजूष बाजूला झाली. उलट झाली असती तर चिमूटभर ईथरवर कुणीही डोंगराएवढं कर्ज काढलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता.

दुसरी चूक त्याच दिवशी, भागाकार आधी आणि गुणाकार नंतर. पूर्णांकात आधी भागलं की उरलेलं गळून जातं, त्यामुळे १३९ टक्के हे १ होऊन बसलं. ज्यांना करायचं आहे त्यांनी एवढं पाळावं: आधी गुणा, मग भागा.

भाव थेट वापरण्याऐवजी मी मधे स्वतःचा एक 'भावफलक' ठेवला. बॉटने दर तासाला येऊन त्यावर नवा भाव चढवायचा. मेकरमध्येही भाव एक तास उशिरा लागू व्हायचा, म्हणजे कुणी खोटा भाव घुसवला तर सावध व्हायला वेळ मिळायचा. फलकावरचा भाव दोन तासांपेक्षा जुना असेल तर कॉन्ट्रॅक्टने काहीच करायचं नाही अशी अटही घातली. त्या वेळी ती अट फार शहाणपणाची वाटली होती.

२५ आणि २६ जानेवारी

लिलाव लिहिला. साधा, चढत्या बोलीचा: तारण कमी पडलं की ईथर लिलावात, जो जास्त खुंटा देईल त्याला ते, दहा मिनिटांत कुणी वरची बोली लावली नाही तर मिटलं. सगळे टेस्ट हिरवे. शनिवारी दुपारी मी फार खुशीत होते.

मग १२ मार्च २०२० चे भाव संगणकावरच्या लोकल साखळीवर (फक्त माझ्याच संगणकावर चालणाऱ्या ब्लॉकचेनवर) चालवून बघितले. त्या दिवस-रात्रीत ईथर १९४ डॉलरच्या आसपासून शंभराच्या खाली गेलं होतं. मी भावांसोबत गॅसचा, म्हणजे व्यवहार नोंदवायच्या शुल्काचा, दरही चढता ठेवला, कारण त्या दिवशी प्रत्येकाला एकाच वेळी व्यवहार करायचा होता. मावसभावाचे तीन बॉट बोली लावायला सोडले. दोघांनी गॅस नेहमीच्याच दराने भरला होता, त्यांचे व्यवहार रांगेत पडून राहिले. तिसऱ्याच्या कोडमध्ये 'सध्याच्या बोलीपेक्षा जरा जास्त' असं होतं. सध्याची बोली शून्य. त्याने शून्याच्या पुढे एक कणभर बोली लावली आणि बावीस कर्जांचं सगळं ईथर उचललं.

मला वाटलं कोड चुकलं. रात्री दोनपर्यंत शोधत बसले. चुकलं काहीच नव्हतं. मेकरमध्ये त्या गुरुवारी अक्षरशः हेच घडलं: गॅस चढला, बोली लावणारे बॉट अडकले आणि काहींनी शून्य डायला ईथर नेलं. शून्य बोलीत गेलेलं ईथर ८० लाख डॉलरच्या वर होतं. कर्जदारांनी तारण गमावलं, आणि डाय मात्र तारणाशिवाय बाजारात फिरत राहिले. ती तूट भरायला मेकरने आपलं एमकेआर टोकन नव्याने छापून विकलं आणि सुमारे ५३ लाख डाय उभे केले. नंतर बोलीचा वेळ दहा मिनिटांवरून सहा तास केला.

सकाळी बाबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "चहाच्या गाड्यावर कोण होतं?"

कुणीच नव्हतं बाबा, तोच तर घोळ झाला.

३० जानेवारी, गुरुवार

लिलाव काढून टाकला. लिक्विटीची पद्धत घेतली: लिलावात घ्यायचे पैसे आधीच गोळा करून ठेवायचे. ज्यांच्याकडे जास्तीचे खुंटा आहेत ते एका 'राखीव कुंडात' ठेवतात. कुणाचं तारण ११० टक्क्यांखाली गेलं की कुंडातले खुंटा जाळून त्याचं कर्ज मिटतं आणि त्याचं ईथर कुंडवाल्यांत वाटलं जातं. म्हणजे शंभराला एकशे नऊ-दहाचा माल. वाईट दिवशी कुणी धावत यायची गरज नाही, पैसे आधीपासून आत. फक्त कुणीतरी 'याला निकाली काढ' एवढा एक व्यवहार पाठवायचा. कुंड अपुरं पडलं तर उरलेलं कर्ज आणि तारण बाकीच्या कर्जदारांच्या गळ्यात, त्यांच्या-त्यांच्या हिश्श्याने.

भाव एक डॉलरखाली घसरला तर आधार म्हणून वटवण्याची सोय ठेवली. कुणीही एक खुंटा आणून एक डॉलरचं ईथर न्यावं. ते ईथर ज्याचं तारण सगळ्यांत पातळ त्याच्या खात्यातून जाईल. पातळ कोण हे शोधायला मी सगळी यादी पहिल्यापासून फिरवत होते. तीनशे खोट्या खात्यांवर चाचणी घेतली तर वटवण्याचा गॅस एका ब्लॉकच्या (एकदम नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्याच्या) मर्यादेबाहेर गेला. म्हणजे व्यवहार कधी होणारच नाही. यादी आधीपासून क्रमाने लावून ठेवली आणि नव्या माणसाने आपली जागा अंदाजे स्वतःच सांगायची, कॉन्ट्रॅक्टने फक्त तपासायची, असं केलं. यात तीन रात्री गेल्या. एवढा एकच भाग कोडमध्ये मला अजूनही आवडतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

सेपोलियावर कायमचं चढवलं. नंतर बदलता येणार नाही असंच ठेवलं. बदलायची किल्ली माझ्या हातात असेल तर ते माझं नाणं झालं, विकेंद्रित कसलं!

नऊ जण आले: मित्र, कॉलेजची मैत्रीण, मावसभाऊ. एकूण १.६ ईथर तारण, २,८०० खुंटा कर्ज. कुंडात ६००. मित्रांसाठी खुंटा आणि खोटं यूएसडीसी (खरं यूएसडीसी म्हणजे मागे डॉलर राखणारं एका कंपनीचं नाणं) यांचा एक छोटा पूलही उघडला, म्हणजे भाव कळेल.

एक फजिती. बघू चालतंय का म्हणून १७ खुंटा पाठवले ते घाईत टोकनच्याच, म्हणजे खुंटा नाण्याच्या स्वतःच्या, कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावर. तिथून ते काढायची सोय मी लिहिलेली नाही. गेले. खोटे पैसे आहेत, म्हटलं जाऊ दे.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सव्वाअकराला ऑफिसमध्ये मैत्रिणीचा मेसेज आला, "तुझ्या खुंट्याचं काय झालं?" शनिवारी तीन हजारांच्या वर असलेलं ईथर अमेरिकेच्या आयातशुल्काच्या बातमीने एका रात्रीत २,५०० च्याही खाली जाऊन आलं होतं.

बॉट मेला होता, रविवारी रात्रीपासून. दर दोन सेकंदांनी भाव विचारत होता, मोफत आरपीसीचा (ब्लॉकचेनशी जोडून देणाऱ्या सेवेचा) दिवसाचा कोटा संपला, समोरून नकार यायला लागला, आणि कोडमध्ये मावसभावाने चूक गिळून पुढे जायची ओळ घातलेली. त्यामुळे लॉगमध्ये सगळं आलबेल. भावफलकावरही रात्रीचाच भाव. दोन तासांची अट लागली आणि कुणी हाताने निकाली काढायला आलं असतं तरी कॉन्ट्रॅक्टने हाकललं असतं. फलकावर भाव कुणीही चढवू शकतं अशी सोय मी ठेवली होती. ते मी नऊपैकी एकालाही सांगितलं नव्हतं.

पावणेबाराला हाताने भाव चढवला आणि चार खाती निकाली काढली. कर्ज १,१४०, कुंडात ६००. उरलेले ५४० बाकी पाच जणांच्या डोक्यावर. कुंड कर्जाच्या २१ टक्के होतं आणि मला ते भरपूर वाटत होतं.

सगळ्यांत वाईट हिशोब मावसभावाचाच. ०.२ ईथरवर ५३० कर्ज. काढलं तेव्हा १२४ टक्के. २,९१५ डॉलरला निकाली निघायला हवं होतं, तेव्हा कुंडाला फायदा झाला असता. मी पोचले तोवर त्याच्या ईथरची किंमत कर्जापेक्षा खाली गेलेली, म्हणजे तोटा. त्यात गंमत अशी, की रात्रीपर्यंत भाव बराच वर आला. तो म्हणतो, "तू ऑफिसचं काम करत बसली असतीस तर निदान मी बुडालो नसतो." बॉट कुणी लिहिला होता याची मी त्याला आठवण करून दिली.

दुरुस्ती: दोन वेगळे आरपीसी, दर बारा सेकंदांनीच विचारणा, चूक आली की माझ्या फोनवर मेसेज. घरच्या लॅपटॉपवरून बॉट काढून महिना पाचशे रुपयांच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) ठेवला. आणि नऊ जणांना दोन ओळींत कळवलं की भाव कसा चढवायचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

मला भीती होती खुंटा एक डॉलरच्या खाली जाईल याची. पाच दिवस तो १.०६ वर बसलाय.

विचार केल्यावर उलगडलं. पडझडीनंतर ज्यांची खाती वाचली त्यांना कर्ज कमी करायचंय, त्यासाठी खुंटा हवेत, आणि १,१४० मधले ६०० जळून गेलेत. मागणी वाढली आणि माल घटला. मार्च २०२० मध्ये डायही असाच एक डॉलरच्या वर गेला होता.

वटवण्याची सोय इथे उपयोगाची नाही, तो तळ आहे. छत म्हणजे ११० टक्क्यांचं तारण: भाव १.१० च्या वर गेला तर कुणीही ईथर ठेवून खुंटा काढेल, विकेल आणि तारण सोडून मोकळा होईल. म्हणजे माझं दावं खालच्या बाजूला आखूड आणि वरच्या बाजूला दहा सेंट लांब आहे. हे मी बांधलं तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मेकरकडे आणखी एक चावी होती, कर्जावरचा व्याजदर. २०१९ मध्ये डाय एक डॉलरखाली रेंगाळत होता म्हणून त्यांनी तो टप्प्याटप्प्याने १९.५ टक्क्यांवर नेला. कर्ज महाग झालं की लोक फेडतात, नाणी जळतात, भाव चढतो. पण ती चावी फिरवायला मतदान लागतं, मतदानाला माणसं लागतात. माझ्याकडे व्याजच नाही, कर्ज काढताना एकदाच अर्धा टक्का.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मोह झाला, तोही लिहून ठेवते. लोकल प्रतीवर यूएसडीसीलाही तारण केलं: एक यूएसडीसी द्या, एक खुंटा घ्या, आणि उलट. भाव १.०६ वरून काही ब्लॉकमध्ये बरोबर १.०० वर आला, आणि हललाच नाही. महिनाभराची धडपड, आणि उत्तर चाळीस ओळींचं.

मेकरनेही हेच केलं. त्या गुरुवारनंतर पाचच दिवसांनी, १७ मार्च २०२० ला, यूएसडीसी तारण म्हणून घेतलं, आणि त्या वर्षाअखेर अशी थेट अदलाबदलीची खिडकीही उघडली. मग मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. यूएसडीसी काढणाऱ्या सर्कलचे ३.३ अब्ज डॉलर त्या बँकेत होते. यूएसडीसी ९० सेंटच्याही खाली गेला आणि त्याच्यामागोमाग डायही घसरला. डायच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये काहीच बिघडलं नव्हतं.

बाबांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दुसऱ्या संस्थेच्या ठेवपावतीवर कर्ज दिलंत. कागद चोख असतो त्याचा. संस्था बुडेपर्यंत."

यूएसडीसीची फाईल पेंडीच्या शेजारी ठेवली. खुंटा १.०६ तर १.०६.

२२ फेब्रुवारी, शनिवार

एक मित्र कंटाळला आणि त्याने सगळे खुंटा पुलात एकदम विकले. भाव ०.९७. वीस मिनिटांत दुसऱ्याने पुलातून १०० खुंटा उचलले आणि वटवून ईथर नेलं. भाव ०.९९ च्या वर. मी काही केलं नाही, बॉटनेही नाही. एका माणसाला दोन-तीन सेंटचा लोभ सुटला आणि खालची बाजू पहिल्यांदाच धडपणे चालली.

पण ते ईथर गेलं कॉलेजच्या मैत्रिणीच्या खात्यातून, कारण सगळ्यांत पातळ तारण तिचं, १६२ टक्के. तिचा फोन आला, आवाज चढलेला. "मी हप्ता चुकवला नाही, तारण ११० च्या खाली नाही, मग माझं ईथर का कापलं?" तिला हिशोब करून दाखवला. आधी २७६ डॉलरचं ईथर आणि १७० कर्ज. आता १७६ चं ईथर आणि ७० कर्ज. दोन्हीकडे उरतात १०६. "पण मला ईथर चढेल म्हणून ठेवायचं होतं," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाव सावरायचा खर्च कुणाच्या तरी अंगावर पडतोच, या वेळी तो तिच्यावर पडला, आणि खातं उघडताना मी तिला हे सांगितलं नव्हतं.

५ मार्च, बुधवार

सेपोलियावर आज इथेरियमचं पेक्ट्रा अपग्रेड झालं आणि त्यानंतर रिकामे ब्लॉक पडायला लागले. बॉट जिवंत, आरपीसी जिवंत, फोनवर मेसेजही आला, पण भाव चढवायचा व्यवहार काही केल्या ब्लॉकमध्ये जाईना. गॅस वाढवून तीनदा पाठवला. ब्लॉकच रिकामा पडत असेल तर गॅस वाढवून काय होणार!

संध्याकाळी खरी चूक सापडली. व्यवहार जायला लागल्यावर एका मित्राने सावधगिरी म्हणून कर्ज फेडायचा प्रयत्न केला, तर कॉन्ट्रॅक्टने 'भाव जुना' म्हणून त्यालाही हाकललं. फेडायला भाव कशाला लागतो? कर्ज परत करणाऱ्याला दारात अडवायचं काही कारणच नाही. दोन तासांची अट मी सगळ्या दरवाजांना सरसकट लावली होती. नवं कर्ज आणि निकाली काढणं एवढ्याच दोन दारांना ती हवी होती. आता बदलता येत नाही, किल्ली मीच फेकून दिली आहे.

१२ मार्च, बुधवार

बरोबर पाच वर्षं झाली म्हणून तेच २०२० चे भाव लोकल साखळीवर पुन्हा चालवले, फेडण्याचं दार दुरुस्त केलेल्या प्रतीवर. कुंड कर्जाच्या २० टक्के: उरलेलं कर्ज बाकीच्यांच्या गळ्यात, त्यांतले काही त्या वजनानेच ११० च्या खाली, मग त्यांचं कर्ज पुढच्यांवर. अशा चार फेऱ्या झाल्या. ५० टक्के: एक फेरी, तूट नाही. मग बॉट तीन तास बंद ठेवून ५० टक्क्यांनीच चालवलं. कुंडवाल्यांना तोटा झाला, कारण मिळालेलं ईथर जाळलेल्या खुंट्यांपेक्षा स्वस्त होतं.

मी जानेवारीत ११० की १५० यावर दोन संध्याकाळी वाद घातला होता. बॉट तीन तास बंद असेल तर १५० नेही तेवढाच वेळ विकत मिळतो, जास्त काही नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. सोनं तोळ्याला नव्वद हजारांच्या वर. बाबा म्हणाले, आता तारणाला रांग लागेल, आणि सराफांची नावं आठवत बसले.

प्रयोग आवरायला घेतला. एकूण खर्च: ईथरचे तीन हजार, व्हीपीएसचे दोन महिन्यांचे एक हजार, आणि माझे मोजलेले तास १४०, त्यातले निम्मे चुका शोधण्यात. मावसभावाचे तास तो सांगत नाही.

सगळ्यांना कळवलं की कर्ज फेडा आणि आपापलं ईथर सोडवून घ्या. सकाळपासून खाती बंद होत होती. शेवटी एक मित्र उरला, कर्ज १७ खुंटा. त्याच्याकडे एकही नाही. पुलात विकत घ्यायला गेला तर पूल रिकामा. कुंड रिकामं. ज्याला-त्याला विचारलं, कुणाकडेच नाहीत. "तूच काहीतरी घोळ केलायस," तो म्हणाला.

पाऊण तास आकडे जुळवल्यावर आठवलं. ३१ जानेवारीचे माझे १७. ते टोकनच्या पत्त्यावर पडून आहेत आणि तिथून कधीच निघणार नाहीत. खुंटा कर्जातूनच जन्मतो आणि कर्ज फेडूनच जळतो, त्यामुळे हरवलेले जेवढे, तेवढं कर्ज कुणाच्या तरी नावावर कायमचं.

फॉसेटवरून ०.०५ ईथर घेतलं, स्वतःच्या नावाने खातं उघडलं, १७ खुंटा काढून त्याला पाठवले. अर्धा टक्का शुल्क मलाच लागलं आणि माझ्याच वॉलेटमध्ये आलं. त्याने कर्ज फेडलं, ईथर सोडवलं आणि श्रीखंड खायला गेला. खुंट्याची कर्जदार आता मी एकटी. व्हीपीएसचं भाडं ८ एप्रिलला संपतंय.